बंगळुरूला बिऱ्हाड हलवण्याआधी

पुण्यातल्या आयटी, वाहन किंवा यंत्रउद्योगात काम करणाऱ्या घरांत हा प्रश्न एकदा तरी येतोच. बंगळुरूच्या कंपनीचं पत्र येतं, पगार चांगला वाढणार असतो आणि रुजू व्हायला महिना-दोन महिन्यांची मुदत असते. तेवढ्या दिवसांत घरातल्या चार-पाच माणसांच्या पुढच्या दहा वर्षांचा निर्णय घ्यायचा असतो. चर्चा बहुधा पगार, घरभाडं आणि शाळेची फी एवढ्यावरच फिरते. पैशाचं गणित चुकलं तर वर्ष-दोन वर्षांत सावरता येतं. मुलांचे प्रवेशाचे हक्क, जातीच्या दाखल्याचा उपयोग, जोडीदाराची नोकरी या गोष्टी मात्र राज्याच्या हद्दीशी बांधलेल्या असतात. त्या एकदा हातच्या गेल्या की परत मिळणं कठीण, आणि नेमकं त्यांबद्दलच आधी कुणी सांगत नाही. म्हणून या लेखात त्यांना जास्त जागा दिली आहे.

उदाहरण पुणे ते बंगळुरू असं घेतलं आहे. हैदराबाद, अहमदाबाद किंवा चेन्नईला जाणाऱ्यांना नियम वेगळे लागतील, पण विचारायचे प्रश्न बहुतांशी हेच राहतील.

पगार वाढला, हातात किती उरणार?

समजा, पुण्यात दरमहा ९० हजार रुपये हातात येतात आणि बंगळुरूत १ लाख २० हजार येणार आहेत. वाढ ३० हजारांची. पुण्यातलं घर स्वतःचं आहे, ते भाड्याने दिलं तर २० हजार येतील. बंगळुरूत तेवढंच घर घ्यायला ३५ हजार जातील. म्हणजे वाढीतले १५ हजार इथेच गेले. आता घरातल्या दुसऱ्या माणसाची ३० हजारांची नोकरी सुटत असेल, तर कुटुंब दरमहा १५ हजारांनी मागे गेलं. हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण मांडणी अशीच करा. एका माणसाच्या पगाराकडे न बघता घरात येणारी एकूण रक्कम आधी आणि नंतर किती, हे कागदावर लिहून काढा.

बंगळुरूत घरमालकाला द्यायच्या डिपॉझिटला सगळे ‘अॅडव्हान्स’ म्हणतात. पूर्वी तो दहा महिन्यांच्या भाड्याएवढा घेण्याची पद्धत होती. आजही पाच-सहा महिन्यांची मागणी सर्रास होते. पुण्यात दोन-तीन महिन्यांची सवय असलेल्या माणसाला ही रक्कम अचानक उभी करावी लागते. घर सोडताना रंगकामासाठी साधारण एका महिन्याचं भाडं कापून घेण्याचाही तिथे रिवाज आहे. करारात ते लिहिलेलं असतं, सही करण्याआधी वाचा.

प्राप्तिकर देशभर सारखाच आहे. भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक तोच राहतो. व्यवसाय कर राज्याचा असला तरी घटनेच्या कलम २७६ मुळे वर्षाला २५०० रुपयांपलीकडे जाऊ शकत नाही. या बाबींवर डोकं शिणवण्याचं कारण नाही.

पुण्यातलं घर पहिल्या वर्षी तरी विकू नका. भाडं कमी आलं तरी चालेल. परतीची वाट खुली ठेवण्याची ती किंमत आहे आणि ती द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

मूल कोणत्या इयत्तेत आहे?

सगळ्यात आधी हा प्रश्न विचारायला हवा. कारण पुढे वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीच्या सरकारी जागांवर हक्क कोणत्या राज्यात सांगता येईल, हे मूल कुठे शिकलं यावर ठरतं.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. त्यांना नीटच्या गुणांवर देशातलं कुठलंही मूल पात्र असतं. उरलेल्या ८५ टक्के जागा राज्याच्या. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातून उत्तीर्ण असण्याची अट आहे. कर्नाटकात सर्वसाधारण नियम असा की, पहिली ते बारावीपैकी किमान सात शैक्षणिक वर्षं मूल कर्नाटकात शिकलेलं असावं आणि दहावी किंवा बारावी तिथून उत्तीर्ण असावं.

आता हिशेब करा. मूल सहावीच्या सुरुवातीला बंगळुरूच्या शाळेत गेलं तर सहावी ते बारावी अशी बरोबर सात वर्षं होतात. ते कर्नाटकच्या कोट्याला पात्र ठरतं. आठवीत गेलं तर पाचच वर्षं भरतात, म्हणजे कर्नाटकचा हक्क मिळत नाही. दहावी आणि बारावी महाराष्ट्राबाहेर झाल्यामुळे इथलाही जातो. असं मूल दोन्ही राज्यांच्या मधल्या फटीत पडतं आणि त्याच्यासाठी अखिल भारतीय कोटा किंवा खासगी महाविद्यालयांच्या महागड्या जागा एवढंच उरतं. नीटमध्ये चांगले गुण मिळवलेल्या मुलाला केवळ आई-वडिलांच्या बदलीच्या तारखेमुळे हे सोसावं लागतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आधी माहिती असती तर यातलं बरंचसं टळण्यासारखं असतं.

हैदराबादला जाणाऱ्यांसाठी रेषा वेगळी आहे. तेलंगणात नववी ते बारावी अशी सलग चार वर्षं तिथे शिकण्याची अट आहे. म्हणजे आठवी पुण्यात पूर्ण करून नववीला हैदराबादला गेलं तरी चालतं. प्रत्येक राज्याची रेषा अशी निराळी असते. जिथे जायचं त्या राज्याची चालू वर्षाची प्रवेश माहितीपुस्तिका उतरवून घ्या आणि पात्रतेचं प्रकरण स्वतः वाचा. ओळखीच्यांच्या सांगण्यावर विसंबू नका, कारण नियमांत वर्षागणिक फरक पडतो.

अभियांत्रिकीत थोडी मोकळीक आहे. महाराष्ट्रात मुलाची दहावी-बारावी बाहेर झाली असली, तरी आई किंवा वडिलांकडे महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र असेल तर राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत वेगळ्या प्रकारात दावा करता येतो. कर्नाटकात सीईटीच्या सरकारी जागांसाठी सात वर्षांचाच नियम लागतो. तिथल्या खासगी महाविद्यालयांच्या ‘कॉमेडके’ परीक्षेला मात्र देशभरातली मुलं बसतात, अर्थात फी बरीच जास्त. आयआयटीत राज्याचा कोटा नाही. एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांसाठी असतात आणि राज्य ठरतं ते बारावी कुठून उत्तीर्ण झाली यावरून. त्यामुळे तिथे नागपूरऐवजी सुरतकल एवढाच बदल होतो.

केंद्र सरकारी कर्मचारी आणि सैन्यदलातल्या पालकांच्या मुलांना या नियमांत काही सवलती आहेत. खासगी नोकरदारांना त्या नाहीत. आणखी एक गैरसमज हल्ली ऐकू येतो. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अधिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवलं, ते पदव्युत्तर वैद्यकीय जागांपुरतं. एमबीबीएसच्या राज्य कोट्याला त्याने धक्का लागलेला नाही.

शाळेच्या बाजूने एवढंच लक्षात ठेवा: सीबीएसईत नववीत आणि अकरावीत मंडळाकडे नोंदणी होते, त्यामुळे दहावी किंवा बारावीत शाळा बदलायला ठोस कारण आणि परवानगी लागते. आठवीपर्यंत सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल, तर दाखला यायला उशीर झाला या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षणहक्क कायद्यातच तशी तरतूद आहे. खासगी शाळा मात्र शाळा सोडल्याचा दाखला मागतातच, आणि दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते का, हे दोन्ही शाळांना आधीच विचारून ठेवा. सुट्टीत शाळेचं कार्यालय बंद असताना ही धावपळ फार त्रासाची होते.

कन्नड आणि मराठी

कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने शाळांत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. महाराष्ट्रातही २०२० च्या कायद्याने मराठी सक्तीची आहेच, तेव्हा तक्रारीला जागा नाही. प्रश्न व्यवहाराचा आहे. दुसरीतलं मूल वर्षभरात मित्रांबरोबर कन्नड बोलू लागतं. सातवीतल्या मुलाला मात्र लिपीपासून सुरुवात करावी लागते आणि वर्गातली इतर मुलं तोवर उतारे वाचत असतात. प्रवेश घेताना शाळेला विचारा की बाहेरून आलेल्या मुलाला कन्नड कोणत्या पातळीपासून शिकवता, आणि परीक्षेत त्याला सोपा पेपर असतो का.

मोठ्यांनीही शिकावं, आणि शहराला तोंडदेखलं खूश करण्यापुरतं नाही. ‘एष्टु’ (किती), ‘बेकु’ (हवं), ‘बेडा’ (नको) एवढ्यावर भाजी घेता येते. पण सोसायटीच्या बैठकीत, पोलीस चौकीत, महापालिकेच्या कार्यालयांत बसलेल्या माणसांशी नीट बोलायचं तर वाक्यं यावी लागतात. ‘कन्नड गोत्तिल्ला’ (कन्नड येत नाही) म्हणत दहा वर्षं काढणारा माणूस त्या शहरात पाहुणाच राहतो. कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या घरांतून आलेल्यांना कन्नड कानावरून गेलेली असते, त्यांना हे सोपं जातं.

मुलांची मराठी टिकवायची जबाबदारी मात्र पूर्णपणे घरावर येते. शाळेत ती नसणार. बोलणं टिकतं, वाचणं सुटतं. रोज अर्धं पान मोठ्याने वाचून घेणं, आजीला पत्र लिहायला लावणं, एवढं केलं तरी फरक पडतो. बंगळुरूत महाराष्ट्र मंडळ आहे, वसाहतींतून मराठी गणेशोत्सव होतात. तिथे जात राहिल्याने मुलांना आपल्या वयाची मराठी बोलणारी मुलं भेटतात.

जातीचा दाखला हद्द ओलांडत नाही

हा मुद्दा अनेक घरांना मुलाच्या प्रवेशाच्या दिवशी कळतो. अनुसूचित जाती आणि जमातींच्या याद्या राज्यनिहाय आहेत. आंध्र प्रदेशात अनुसूचित जमातीत मोडणाऱ्या आणि वडिलांच्या नोकरीमुळे मुंबईत आलेल्या एका विद्यार्थ्याने मुंबईच्या सेठ गो. सु. वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागा मागितली, तेव्हा १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्थलांतर करणाऱ्याबरोबर हा दर्जा दुसऱ्या राज्यात जात नाही. २०१८ मध्ये घटनापीठाने तेच तत्त्व पुन्हा कायम केलं. जातीचं नाव दोन्ही राज्यांच्या यादीत असलं तरी आपोआप लाभ मिळत नाही.

म्हणजे पुण्याहून गेलेल्या कुटुंबातल्या मुलाला कर्नाटक सरकारच्या नोकरीत किंवा राज्य कोट्याच्या प्रवेशात महाराष्ट्राच्या दाखल्यावर आरक्षण मिळणार नाही. आयआयटीसारख्या केंद्रीय संस्था आणि केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी मूळ राज्याचा दाखला चालतो. इतर मागासवर्गीयांचीही केंद्राची यादी राज्यनिहायच आहे. ज्या घरात शिक्षणाची वाट या दाखल्यावर उभी आहे, त्या घराने पगारवाढीपेक्षा याचं वजन जास्त धरावं.

जोडीदाराचं काम

बहुतेक वेळा नवऱ्याच्या नोकरीसाठी घर हलतं आणि बायकोची नोकरी सुटते. ‘तिथे गेल्यावर बघू’ असं म्हणून हा विषय बाजूला पडतो. तो निर्णयाच्या आधीच टेबलावर यायला हवा.

जिल्हा परिषद शिक्षिका, राज्य शासनाच्या कर्मचारी, अंगणवाडी सेविका यांची बदली दुसऱ्या राज्यात होत नाही. राजीनामा किंवा बिनपगारी रजा एवढेच पर्याय. मराठी माध्यमात पंधरा वर्षं शिकवलेल्या शिक्षिकेचा अनुभव बंगळुरूच्या शाळेत फारसा धरला जात नाही, हे कटू आहे पण खरं आहे. डॉक्टरांना कर्नाटकच्या वैद्यकीय परिषदेकडे नोंदणीचं काम करावं लागतं. वकिलाला कायद्याने देशभर काम करता येतं. तरी तिथल्या खालच्या न्यायालयांतलं कामकाज कन्नडमध्ये चालतं, तेव्हा नव्याने पाय रोवायला वर्षं जातात. राष्ट्रीयीकृत बँका, विमा कंपन्या आणि केंद्र सरकारी कार्यालयांत जोडीदाराच्या ठिकाणी बदली मागता येते. अर्ज आधी करा, घर नंतर शोधा. संगणक क्षेत्रातल्या बायकांना तर बंगळुरूत पुण्यापेक्षा जास्त संधी मिळू शकतात.

जमेची बाजू

ती मोठी आहे. बंगळुरूत एक नोकरी गेली तर त्याच शहरात दुसरी मिळण्याची शक्यता देशातल्या बहुतेक शहरांपेक्षा जास्त. चिप डिझाइन, विमान आणि अंतराळ उद्योग, जैवतंत्रज्ञान या क्षेत्रांत तर पर्यायच कमी आहेत: एचएएल आणि इस्रोची मुख्यालयं तिथे, १९०९ पासूनची भारतीय विज्ञान संस्था तिथे. या क्षेत्रांतला तिशीतला माणूस पुण्यात थांबला तर त्याची वाढ खुंटण्याची भीती खरी आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर असल्याने उन्हाळा पुण्याइतका भाजत नाही. आणि मूल लहानपणीच आणखी एक भाषा शिकतं.

कुठे राहायचं आणि पाणी कुठून येतं

कावेरीचं पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून उपसून शहरात आणलं जातं. २००७ मध्ये शहरात आलेल्या ११० गावांच्या पट्ट्यात, म्हणजे शहराच्या बाहेरच्या भागांत, वर्षानुवर्षं बोअरवेल आणि टँकरवर भागवावं लागलं. २०२४ च्या उन्हाळ्यात तर हाल झाले. त्या पट्ट्यासाठीचा कावेरीचा पाचवा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. तरीही घर बघायला गेलात की मालकाऐवजी वॉचमनला आणि शेजाऱ्यांना विचारा: एप्रिलमध्ये टँकर किती येतात, देखभाल खर्चात त्याचे पैसे वेगळे घेतात का. दुसरी गोष्ट अंतराची. आधी शाळा ठरवा, मग शाळेजवळ घर, आणि ऑफिसचा प्रवास मोठ्यांनी सोसावा. तिथल्या वाहतुकीत लहान मुलाचे रोज दोन-अडीच तास बसमध्ये जाणं फार वाईट.

आजी-आजोबा

त्यांना वेगळं बसवून विचारा, सगळ्यांच्या देखत नको. सगळ्यांसमोर ते ‘तुम्ही म्हणाल तसं’ असंच म्हणतात. त्यांचा कट्टा, देऊळ, मराठी पेपर आणि ओळखीचा डॉक्टर सुटणार असतो. दुखणं स्वतःच्या भाषेत सांगता न येणं ही म्हातारपणी फार मोठी अडचण. उपचारांच्या दृष्टीने बंगळुरू कमी नाही: हृदयरोगासाठी जयदेव, कर्करोगासाठी किदवई, मेंदूविकारांसाठी निमहान्स या सरकारी संस्था तिथे आहेत. सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून मिळणारं ५ लाखांचं आयुष्मान संरक्षण दुसऱ्या राज्यातही चालतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसारख्या राज्याच्या योजनांवर मात्र तिथे विसंबून राहता येणार नाही. पेन्शनरांचा हयातीचा दाखला ‘जीवन प्रमाण’वरून कुठूनही देता येतो. पहिली एक-दोन वर्षं त्यांनी दोन्हीकडे येऊन-जाऊन राहावं, हे मला सगळ्यात बरं वाटतं.

गाडी आणि कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त गाडी ठेवली तर तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी पुण्याच्या आरटीओकडून फॉर्म २८ वर ना हरकत प्रमाणपत्र काढायचं. कर्ज असेल तर बँकेचंही. मग कर्नाटकात आजीवन कर भरायचा. तो देशातल्या चढ्या दरांपैकी आहे. जुन्या गाडीला वयानुसार कमी होतो. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला हिस्सा परत मागता येतो, फक्त पाठपुरावा करावा लागतो. गाडी सात-आठ वर्षांची असेल तर पुण्यातच विकून जाणं बहुधा स्वस्त पडतं. चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपनीतल्या नोकरदाराला नव्या गाडीसाठी ‘बीएच’ मालिकेचा क्रमांक घेता येतो. मग राज्य बदललं तरी क्रमांक बदलत नाही आणि कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो. वाहन परवाना देशभर चालतोच.

मतदार यादीत पत्ता बदलायला आता फॉर्म ८. रेशनचं धान्य ‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे कर्नाटकातही मिळतं, राज्यांच्या रोख मदतीच्या योजना मात्र सोबत येत नाहीत. वापरलेल्या घरसामानाला ई-वे बिल लागत नाही, तेव्हा पॅकर्सवाला त्याचे पैसे लावत असेल तर विचारा.

मग जावं का?

मुलं पाचवीपर्यंतची असतील आणि जोडीदाराच्या कामाची सोय लागत असेल, तर जावं. सहावीच्या सुरुवातीपर्यंत कर्नाटकची दारं मुलासाठी उघडी राहतात. सातवी ते बारावीतलं मूल घरात असेल आणि डॉक्टरकी किंवा सरकारी अभियांत्रिकी जागेचा विचार असेल, तर एकट्याने पुढे जावं, कुटुंबाने मूल बारावी होईपर्यंत पुण्यात राहावं. ही ताटातूट सोपी नाही. पुणे ते बंगळुरू रस्त्याने सुमारे ८४० किलोमीटर आहे, रात्रभराच्या बसने दर शनिवारी घरी येणं जमत नाही. तेवढं सोसायचं नसेल तर नोकरी नाकारणं हाही सन्मानाचा निर्णय आहे, आणि कुणी घेतला तर त्याला मागे पडलेला समजू नये.

आणि जाणारच असाल, तर सामान बांधण्याआधी तहसील कार्यालयातून घरातल्या प्रत्येकाचं वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र काढून घ्या. त्यासाठी महाराष्ट्रातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे लागतात. इथे राहत असताना ते गोळा करणं सोपं जातं; बंगळुरूला पाच वर्षं काढल्यावर त्याच कागदांसाठी पुण्याच्या खेपा घालाव्या लागतात.